ढगाच्या पाटीपाशी थांबलेली गाडी

नेव्हिल ब्लँचर्ड दर गुरुवारी ग्रिम्सबीहून आमच्या गल्लीत मासे घेऊन यायचा. ग्रिम्सबी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, आमचं ब्रॅडफर्ड डोंगरउतारावर, मध्ये दोन तासांचा रस्ता. पहाटे बंदरावर माल उचलायचा, बर्फात घालायचा आणि अकराच्या सुमाराला आल्मा टेरेसच्या, म्हणजे आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभं राहून पितळी घंटा वाजवायची. असं त्याने सव्वीस वर्षं केलं. त्याच्या आधी त्याचा मामा यायचा.

मी मूळची मालवणची. लग्न होऊन इथे आले तेव्हा दुकानातले चौकोनी, बिनडोक्याचे, दगडासारखे गोठलेले मासे खाऊन जीव विटला होता. मग एका गुरुवारी घंटा ऐकून खाली उतरले, तर पांढऱ्या गाडीच्या फळीवर बांगडे मांडलेले. डोळे चकचकीत, अंग ताठ. मी सवयीने कल्ला उचलून बघितला.

"काय गं लव्ह, विकत घेणार आहेस की ऑपरेशन करणार आहेस?" फळीच्या मागून तो म्हणाला.

"आमच्याकडे असंच बघतात."

"मग बघ बाई. लाजू नकोस, तो काही बोलणार नाही."

इथले लोक शुक्रवारी मासे खातात, म्हणून तो गुरुवारी यायचा. आमच्याकडे गुरुवार दत्ताचा. मी मासे साफ करून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि शुक्रवारी तिखलं करायचे. त्यामुळे त्याचा देव आणि माझा देव, दोघांचंही नीट जमून गेलं.

यॉर्कशायरात 'लव्ह' सगळेच सगळ्यांना म्हणतात. बसचा ड्रायव्हर म्हणतो, पोस्टातली बाई म्हणते. त्यात प्रेमबिम काही नसतं. नेव्हिल गल्लीतल्या प्रत्येक बाईला लव्ह म्हणायचा, ऐंशी वर्षांच्या म्हातारीला आणि मला सारखंच. फक्त एकीला कधी म्हणाला नाही. सतरा नंबरच्या स्टेफानिया कोवालला. तिला तो 'मिसेस कोवाल' म्हणायचा, आणि म्हणताना हातातली सुरी खाली ठेवायचा. मला कळायला पाच-सहा वर्षं लागली, पण एकदा कळल्यावर मग दर गुरुवारी दिसायला लागलं.

स्टेफाचे आईवडील दुसऱ्या महायुद्धानंतर युक्रेनहून इथल्या लोकरीच्या गिरण्यांत कामाला आले. ती इथेच जन्मली आणि पंधराव्या वर्षी तीही गिरणीत गेली, लोकर पिंजायच्या खात्यात. वीस-बावीस वर्षं तिने ते तूस छातीत घेतलं. गिरणी बंद पडल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. नवरा बोहदान बस चालवायचा, तो दोन हजार नऊ साली गेला. मूल नव्हतं. मी छातीच्या विकारांच्या ओपीडीत नर्स, त्यामुळे ती माझी शेजारीण होती तशी पेशंटही होती. दर जानेवारीत आठ-दहा दिवस ती वॉर्डात असायचीच. आमच्या गल्लीच्या डोक्यावरून मोठा चढाचा रस्ता जातो. ट्रक, बस, टॅक्स्या सगळ्या तिथे पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढतात. स्टेफाच्या घराच्या पुढच्या खिडक्या मी कधी उघड्या पाहिल्या नव्हत्या. पडदे महिन्यात काळे पडायचे.

नेव्हिलची गाडीही काही फुलांचा गुच्छ नव्हती. जुनं डिझेलचं इंजिन. सुरू झाली की मागून निळसर धूर. पण कोपऱ्यावर तो गाडी उलटी लावायचा, धुराचं तोंड सतरा नंबरकडून दुसरीकडे, आणि लावल्या लावल्या इंजिन बंद. मी एकदा म्हटलं, "अरे, एवढी कसरत कशाला? सरळ लाव ना."

"उन्हाचं बघावं लागतं लव्ह, मासे तापतात," तो म्हणाला. त्या दिवशी ऊन कुठेच नव्हतं.

स्टेफा शेवटी यायची, गर्दी ओसरल्यावर. चार पावलांवर घर, तरी डोक्याला रुमाल बांधून, ओठांना किंचित लाली लावून.

"आज काय चांगलं आहे, मासेवाले?"

"सगळंच चांगलं आहे मिसेस कोवाल. तुमच्यासाठी हॅडॉक बाजूला ठेवलाय."

"बाजूला ठेवता म्हणजे काल उरलेला असणार."

"मिसेस कोवाल, हा पहाटे चार वाजता माझ्याशी बोलत होता."

"मग गप्प का झाला? तुमचं ऐकून कंटाळला असेल बिचारा."

असं चालायचं. दहा मिनिटं, कधी पंधरा. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या रितीप्रमाणे ती बारा पदार्थ करायची, एकटीसाठीसुद्धा, त्यात मांस नाही, हेरिंग मासा मात्र हवाच. नेव्हिल ते हेरिंग एकेक करून निवडायचा. त्याचं लग्न कधीच मोडलं होतं, बायको दक्षिणेकडे निघून गेली होती. हे सगळं गल्लीला माहीत होतं. गल्लीला नव्हतं माहीत ते एवढंच, की हे दोघं एवढी वर्षं कशाची वाट बघत होते.

दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात चौकाचौकांत खांबांवर कॅमेरे बसले आणि रस्त्यांच्या तोंडाशी हिरव्या पाट्या लागल्या, पाटीवर पांढरा ढग. सप्टेंबरपासून त्या पाट्यांच्या आतल्या भागात, म्हणजे ढगाच्या आत, येणाऱ्या जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्यांना रोज पैसे भरायचे. घरच्या मोटारींना माफ. ट्रक, टॅक्सी आणि नेव्हिलसारख्यांच्या व्हॅना, त्यांना भरणा. व्हॅनला दिवसाला नऊ पौंड.

पाट्या लागल्या त्या गुरुवारी मासे कमी विकले गेले आणि भांडणं जास्त झाली. कोणी म्हणालं, हवाबिवा काही नाही, नगरपालिकेला पैसे हवेत. नऊ नंबरचा शफकत टॅक्सी चालवतो, त्याला नगरपालिकेची मदत मिळून नवी बॅटरीवाली गाडी आली होती. तो फुशारकीने सांगत होता, "माझी गाडी आता इतकी गुपचूप येते ना, गिऱ्हाईक दचकून बाजूला उडी मारतं."

"तुला काय होतंय बोलायला, तुला फुकट मिळाली," कोणीतरी म्हणालं.

"फुकट? निम्मे हप्ते अजून माझ्या बोकांडी आहेत. पण माझ्या पोरीचा दम्याचा पंप कमी झाला तर मी अजून चार भरीन."

सगळ्यांनी नेव्हिलकडे बघितलं. तो हात पुसत म्हणाला, "गाडी घाण आहे. हे काही खोटं नाही. मी मागे उभा राहतो, मला माहीत आहे."

नवी गाडी त्याला परवडणारी नव्हती. मदत होती ती शहरातल्या धंद्यांना, हा पडला बाहेरगावचा. आणि पासष्टावं वर्ष लागलं होतं. सहा-सात गुरुवार त्याने नऊ पौंड भरले. माशांचा भाव वाढवला नाही. मग नोव्हेंबरात एका गुरुवारी घंटा वाजलीच नाही. मला फोन आला.

"लव्ह, मी वर आहे. पबच्या मागच्या आवारात. ढगाच्या बाहेर. सगळ्यांना सांगशील का?"

हे आवार गल्लीपासून मैलभर वर, सगळा चढ. पहिल्या आठवड्याला चौदा जणी गेल्या, दुसऱ्याला आठ. थंडी पडली तशा तिघी-चौघी. मी मोटार घेऊन जायचे, म्हणून बाकीच्या माझ्याकडे पिशव्या देत. स्टेफाची पिशवी तो वेगळी, जाड कागदात बांधायचा. तिने सांगितलेला असायचा एक तुकडा, आत निघायचे दोन.

"कशी आहे त्यांची छाती?" तो दर वेळी विचारायचा.

"बरी आहे."

"खोकला?"

"कमी आहे."

"बरं," असं म्हणायचा आणि उगीच फळी पुसायचा.

हे मी बरं वाटावं म्हणून सांगत नव्हते. त्या जानेवारीत स्टेफा वॉर्डात आली नाही. मी वाट बघत होते, खरंच. एका माणसाच्या छातीवरून शहराच्या हवेची परीक्षा करू नये, हे मला ओपीडीतल्या इतक्या वर्षांनी शिकवलंय. औषधं बदलली होती, थंडीही बेताची होती. पण फेब्रुवारीत एका सकाळी तिच्याकडे गेले तर पुढची खिडकी हातभर उघडी. स्टेफा खुर्ची ओढून तिथे बसलेली, आणि वरच्या रस्त्यावरून बस गेली ती मला ऐकू आली, वासाने कळली नाही.

"फुप्फुसं आली आणि मासे गेले," ती म्हणाली. हसून म्हणाली, पण नजर कोपऱ्यावर होती. गुरुवारच होता. अकरा वाजायला आले होते.

मी म्हटलं, "स्टेफा, मी वर निघालेच आहे. चल माझ्याबरोबर. गाडीतून काय त्रास आहे?"

"कशाला? तू आणतेस ना."

"अगं, निवडून घेशील."

"मला तो हॅडॉकच देतो. निवडायचं काय त्यात."

मी पर्स घेऊन उठले. दाराशी पोचले तेव्हा ती खिडकीकडेच तोंड करून म्हणाली, "दारात गाडी येते तेव्हा आपण गिऱ्हाईक असतो, सुलभा. पिशवी घेतली, चार शब्द बोललो, घरी आलो. आता मैलभर वर जायचं म्हणजे मासे घ्यायला जाते आहे असं कोण म्हणेल?"

"कोण काय म्हणतंय त्याची पर्वा कशाला?"

"लोकांचं नाही गं. मीच म्हणणार नाही."

मी वर गेले, पिशव्या घेतल्या. नेव्हिलने छातीचं विचारलं, मी बरी आहे म्हणाले.

मार्चच्या शेवटी त्याने सांगितलं की ईस्टरच्या आधीचा गुरुवार शेवटचा. चार गिऱ्हाइकांसाठी दोन तास येणं आणि दोन तास जाणं जमत नव्हतं. गाडी भंगारात देणार होता. मी ते स्टेफाला दारातच, पिशवी देताना सांगितलं. तिने पिशवी घेतली, "अस्सं," म्हणाली आणि दार लावलं. त्या रात्री जेवताना मला वाटलं, झालं, हे असंच संपणार.

त्या गुरुवारी मी वर पोचले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. नेव्हिल एकटाच उभा. आम्ही इकडचं तिकडचं बोलत होतो, तेवढ्यात आवारात एक गाडी आली, ती खरोखरच आवाज न करता आली. शफकतची टॅक्सी. त्याने उतरून मागचं दार उघडलं आणि स्टेफा बाहेर आली. डोक्याला रुमाल, ओठांना लाली. नेव्हिलने सुरी खाली ठेवली.

मग तो गाडीच्या मागून बाहेर आला. सव्वीस वर्षं आम्ही त्याला फळीच्या वरच्या बाजूलाच पाहिलं होतं. तो लंगडत होता. डावा पाय चांगला दोन बोटं आखूड.

"हे काय?" स्टेफा पायाकडे बघून म्हणाली. "हे कधी झालं?"

"एकोणीसशे शहात्तर साली, मिसेस कोवाल. बोटीवर दोरखंडात पाय सापडला. म्हणून तर मासे पकडायचं सोडून विकायला लागलो, आधी बंदरावर, मग इथे."

"आणि मला आज सांगताय?"

"तुम्ही कधी गाडीच्या मागे आला नाहीत."

"तुम्ही कधी पुढे आला नाहीत!"

शफकत माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आपण जरा चहा पिऊन येऊ या का बाजी?" पंजाबीत मोठ्या बहिणीला बाजी म्हणतात, तो मला पहिल्यापासून तेच म्हणायचा. आम्ही पबमध्ये गेलो आणि चहा मागवला. खिडकीतून ते दोघे दिसत होते, ऐकू येत नव्हतं. तो बोलत होता, हात पूर्वेकडे करून. ती ऐकत होती. मग ती काहीतरी बोलली, छातीवर हात ठेवून. त्याने मान हलवली, बराच वेळ हलवली. शेवटी तो परत गाडीच्या मागे गेला, हॅडॉक कागदात बांधला, वर पेन्सिलीने काही लिहिलं आणि तिच्या हातात दिला. तिने पैसे काढले, त्याने घेतले नाहीत. ती हात पुढे करत राहिली, तो मान हलवत राहिला. मग तिने पर्स मिटली. आम्ही चहा अर्धा टाकून बाहेर आलो तेव्हा दोघेही पावसाबद्दल बोलत होते.

परतताना ती माझ्या मोटारीत बसली. उतार अर्धा संपल्यावर म्हणाली, "त्याने विचारलं, समुद्राकाठी या म्हणून. त्याच्या घराला मागे वेगळी खोली आहे. म्हणाला, मिसेस कोवाल, तिथली हवा स्वच्छ आहे, तुमच्या छातीला बरं पडेल."

माझा पाय ब्रेकवर गेला. "मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, इथली हवा आता बरी झाली आहे. खिडकी उघडून बसते. छातीचं काही दुखणं राहिलं नाही."

"स्टेफा!"

"काय स्टेफा? त्याने छातीचं विचारलं. मी छातीचं उत्तर दिलं."

"अगं, त्याला काय म्हणायचं होतं ते तुला कळलं नाही?"

"कळलं. न कळायला मी काय कुकुल्या बाळाएवढी आहे?" तिने मांडीवरचं पुडकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, कागद ओला झाला होता. "पण मला वाटलं, आज तरी नीट विचारेल. इतकी वर्षं हॅडॉकवरून बोललो. आता हवेवरून. माणसाने एकदा तरी माणसाचं नाव घेऊन विचारावं."

"आणि विचारलं असतं तर?"

ती काचेबाहेर बघत राहिली. "कोण जाणे. बोहदानचं थडगं इथे आहे. माझं देऊळ इथे आहे. कोण जाणे."

ती देवळाला चर्च म्हणाली असेल किंवा त्यांच्या भाषेतलं काही. मला देऊळच ऐकू आलं.

घरी गेल्यावर तिने हॅडॉक शिजवला नाही. फ्रीझरमध्ये ठेवला. कागद मात्र सोडवून, पुसून, रेडिएटरवर वाळवला. पेन्सिलीने लिहिलेला फोन नंबर होता, खाली 'नेव्हिल' एवढंच. आडनाव नाही. तो कागद तिने साखरेच्या डब्याखाली ठेवला. मी दिसले की कागद पूर्ण झाकेल असा डबा पुढे सरकवायची.

एप्रिल गेला, मे गेला. आमच्या कोपऱ्यावर गुरुवारी काही होत नसे. सुपरमार्केटची गाडी यायची, बॅटरीवर चालणारी, पोरगा पिशव्या दारात ठेवून पळायचा. हवा खरंच सुधारली होती. आमच्याकडे धाप लागून येणाऱ्या मुलांची रांग थोडी आखूड झाली आहे असं डॉक्टर म्हणत होते. मला आनंद होता. माझ्या कामाचीच गोष्ट होती ती. पण अकरा वाजले की कान कोपऱ्याकडे जायचा, आणि सतरा नंबरच्या उघड्या खिडकीत स्टेफा बसलेली दिसायची. आता ती मोठा श्वास घेऊ शकत होती. तो घेऊन ती तिथे बसून राहायची.

जूनमध्ये मी न राहवून नेव्हिलला फोन केला. गाडी भंगारात गेली होती. तो बंदरावर सकाळी जाऊन बसतो, म्हणाला, लिलाव बघतो, काही घेत नाही.

"गाडीने कशाला, आगगाडीने ये की एकदा," मी म्हटलं.

"येऊन काय सांगू लव्ह? हातात मासे नसताना मी त्यांच्या दारात काय म्हणून उभा राहू?"

"नेव्हिल म्हणून उभा राहा."

तो म्हणाला, "त्यांनी सांगितलंय मला. छाती बरी आहे. चांगलंच झालं ना ते. मी तेच तर मागत होतो."

दोघंही माझ्यापेक्षा मोठी. याच्यावर मी कोणाला काय शिकवणार! तरी त्या संध्याकाळी मी स्टेफाकडे गेले आणि साखरेचा डबा उचलून बाजूला ठेवला. कागद उघडा पडला. ती रागावली. "तुला कोणी सांगितलं?" म्हणाली. मी म्हटलं, "तू बोल नाहीतर नको बोलू. मी एकदा तरी डबा उचलणार होतेच."

तिने फोन केला तो सप्टेंबरात. मला नंतर कळलं. वीस मिनिटं बोलले, सगळं हॅडॉकच्या भावाबद्दल. पुढच्या गुरुवारी त्याने केला. मग ते ठरूनच गेलं. आता दर गुरुवारी अकरा वाजता तिचा फोन वाजतो. दोन वर्षं होतील. तो आलेला नाही, ती गेलेली नाही. गेल्या हिवाळ्यात त्याचा गुडघा बदलला, तेव्हा चार आठवडे त्याचा फोन आला नाही, हिने केला तर त्याची बहीण उचलायची, आणि त्या चार आठवड्यांत स्टेफा माझ्याशी धड बोलली नाही. पाचव्या आठवड्यात त्याचा आवाज आला तेव्हा म्हणे ती एवढंच म्हणाली, "कुठे होतात नेव्हिल?" हे तिने मला तीनदा सांगितलं. तो काय म्हणाला ते एकदाही सांगितलं नाही.

परवा गुरुवारी मी सुट्टीवर होते. तिच्याकडे बसले होते. तिने फोन ठेवला आणि चहाचे कप उचलून नळाखाली धरले.

"सुलभा, ग्रिम्सबीला जायचं तर गाडी कुठे बदलावी लागते गं?"

"लीड्सला, मग डॉनकास्टरला. का?"

"उगीच विचारलं," ती म्हणाली. थोड्या वेळाने, कप पुसता पुसता, "डॉनकास्टरला जिने फार आहेत का?"

"लिफ्ट आहे," मी म्हटलं.

"हं," म्हणाली, आणि तोच कप पुन्हा पुसायला लागली.